कधी न चुकलेला कान

ज्याच्या कानात सारखा आवाज येतो, त्याच्याकडे किस्से आपोआप साचत जातात. कारण साधं आहे. आवाज आपल्याच कानात आहे, हे त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर तो फ्रिजशी भांडतो, पंख्याशी भांडतो, बायकोशी भांडतो, शेजाऱ्यांशी भांडतो. आणि कळतं तेव्हा ही सगळी भांडणं एका रांगेत त्याच्यासमोर येऊन उभी राहतात. घे, आता काय करतोस!

जयपूरमध्ये आम्ही तिघं दर गुरुवारी कानाच्या दवाखान्याबाहेर एका बाकावर बसतो. एकाच्या कानात शिट्टी, एकाच्या कानात रातकिडे, माझ्या कानात बारीक मोटर. बाकावर हिंदी चालते, मी इथे मराठीत सांगतो. मी शाळेची पायरी चढलेलो नाही. मी बोलतो, सूनबाई लिहून घेते. मध्येच ती हसते, मग मी थांबतो. काही ठिकाणी ती हसली नाही. तिथे जरा जास्त थांबलो.

* * *

आधी माझं सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोकांना मीच छळलंय.

मी मूळचा अकोल्याकडचा. रेल्वेत कॅरेज खलाशी होतो. गाडी स्टेशनात लागली की लांब दांड्याची हातोडी घ्यायची, डब्यांच्या कडेकडेने चालायचं आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं. तडा गेला असेल तर फुटक्या मडक्यासारखं. डोळ्यांना दिसत नाही ते कानाला कळतं. बदली होत होत जयपूरला आलो आणि इथेच रिटायर झालो. साहेब लोक म्हणायचे, "शंकरचा कान कधी चुकत नाही." पेन्शनसोबत मी ही एक ओळ घरी घेऊन आलो.

एका दुपारी जेवून आडवा झालो, तर कुठेतरी मोटर चालू! कूंऽऽऽ. एकदम बारीक.

"शांता, फ्रिज बंद कर."

बायकोने बंद केला. आवाज तसाच.

"पंखा बंद कर. इन्व्हर्टर बंद कर. मेन स्विचच खाली पाड!"

मे महिना होता. जयपूरचा मे. घरातले सगळे घामाने निथळतायत आणि मी खोलीच्या मधोमध बोट वर करून उभा. "ऐका! अजून येतोय!" पातेलंभर दूध नासलं. लोणी वितळून ताटलीभर पसरलं.

शांता पदराने वारा घेत म्हणाली, "अहो, घरातलं सगळं बंद झालं. आता एकच वस्तू चालू आहे."

"कोणती?"

"तुम्ही!"

सगळे हसले. बाईने काय निदान केलं होतं! पण ती कुठे डॉक्टर? मी म्हटलं, आवाज बाहेरून येतोय.

* * *

मेकॅनिक लोक इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावतात. आतलं सगळं ऐकू येतं. मी तेच केलं. घरातल्या चारी भिंतींना स्क्रू-ड्रायव्हर लावला. पूर्वेच्या भिंतीला लावला तेव्हा मान डोलावली.

त्या भिंतीपलीकडे गीताजी राहतात. नवरा वारलेला, मुलगी कॉलेजात. एका छोट्या इलेक्ट्रिक मशीनवर नगिने घासायचं काम घरी आणायच्या. अंगठीत बसवायचे ते खडे. जयपूरमध्ये किती घरं या कामावर चालतात.

मी विद्याधर नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जाहीर केलं, "मोटर आहे. बेअरिंग गेलंय. दिवसभर चालते."

सेक्रेटरी शर्माजी रेल्वेच्याच ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांनी मीटिंग बोलावली आणि सगळ्यांना सांगितलं, "हा शंकरजींचा कान आहे. हजारो चाकं तपासलेला कान आहे. तो चुकणार नाही." मला बरं वाटलं. नाही कशाला म्हणू, फार बरं वाटलं. ठराव झाला: कोणाच्याही घरात मशीन चालणार नाही.

गीताजींनी मशीन शहरातल्या एका कारखान्यात ठेवलं. रोज दोन बस बदलून जायला लागल्या. सकाळी आठला कुलूप लागायचं, संध्याकाळी सातला उघडायचं. मुलगी कॉलेजातून आली की एकटीच घरात.

ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी निवांत आडवा झालो. आता शांतता!

कूंऽऽऽ.

शांता माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "काय हो, कारखान्यातलं पण ऐकू येतं का इथून?"

* * *

सहाव्या दिवशी मुलगा मला कानाच्या डॉक्टरीण मॅडमकडे घेऊन गेला. तरुण पोरगी, पण बोलणं आजीसारखं. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला, हातात एक बटण दिलं. "बाबाजी, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू द्या."

म्हटलं, हे तर माझं आयुष्यभराचं काम. दाबलं बटण. परत दाबलं. दाबतच राहिलो. काचेपलीकडे बघितलं तर मॅडम पेन हातात धरून थांबलेल्या. मला वाटलं, खूष झाल्या असतील. एवढ्या वयात एवढा कान!

त्यांनी माइक चालू केला.

"बाबाजी, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही."

काचेच्या त्या खोलीत बाहेरचा कुठलाच आवाज येत नाही. ना पंखा, ना रस्ता, ना भिंत. आणि मोटर चालू होती.

त्या दिवशी संध्याकाळी गीताजींचं दार वाजवायला हवं होतं. सातला कुलूप उघडल्याचा आवाज मी ऐकला. म्हटलं, थकून आली असेल, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रविवारी सांगू. असं करता करता वर्ष गेलं. वर्षभर मी जिन्यात त्यांना बघितलं की चपलेत काहीतरी अडकल्यासारखा खाली वाकायचो.

* * *

आता बाकावरचे बाकीचे दोघे.

ओंकार पुण्याचा पोरगा. इथे एका आयटी कंपनीत आहे, दिवसभर हेडफोन. मला मराठीत "आजोबा" म्हणतो, त्यामुळे माझा गुरुवार गोड होतो. त्याच्या कानात रातकिडे. पहिली खोली सोडली, कारण बाहेर ट्रान्सफॉर्मर होता. मालकाशी भांडून सोडली. दुसरी सोडली, कारण वरच्यांचा एसी आवाज करायचा. वरच्यांशी भांडून सोडली. तिसरी जवाहर नगरला घेतली. तिथे ट्रान्सफॉर्मर नाही, वर कोणी राहत नाही. आठ दिवसांत तो घरमालकिणीकडे गेला. "आंटी, तुमच्या बोअरची मोटर रात्रंदिवस चालू असते."

आंटी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बेटा, माझ्याकडे बोअर नाही. आधीच्या घरी पण आवाज होता का?"

"होता."

"त्याच्या आधी?"

"तिथेही होता."

आंटींनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मतलब, सामानासोबत आवाज पण शिफ्ट करतोस तू!"

* * *

दुसरे रमजानजी, लग्नाच्या बँडचे मास्टर. आयुष्यभर कानाशी ट्रम्पेट आणि ड्रम. त्यांच्या कानात शिट्टी, एक लांबच लांब सूर.

त्यांचा मेहुणा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. एकदा वरात दारात पोचली, मास्टरांनी हात खाली केला, सगळे थांबले. पण एक सूर चालूच! मास्टर संतापले. मेहुण्याला हे नेहमीच लांबवायची खोड. मागे न बघता ओरडले, "बंद कर!" सूर चालूच. परत ओरडले. नवरा घोडीवरून बघतोय, वऱ्हाडी बघतायत. मास्टर वळले आणि सगळ्यांसमोर मेहुण्याला एक ठेवून दिली.

मेहुणा गाल धरून म्हणाला, "जीजाजी, मी तर समोसा खातोय!"

आम्ही बाकावर हसून हसून वाकलो. रमजानजी हसले नाहीत. म्हणाले, "वीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला उभा राहतो तो. त्या दिवसापासून उजवीकडे उभा राहतो. काही बोलत नाही. फक्त जागा बदलली."

* * *

मॅडमचं औषध गोळीचं नाही. त्या म्हणाल्या, "आवाज घालवायचा नाही, त्याच्यासोबत राहायला शिकायचं. समजा तुमच्या बिल्डिंगचा चौकीदार नवा आहे. तो तुम्हाला बघून पण शिट्टी मारतो. त्याला ओरडलात तर तो आणखी घाबरेल. रोज शांतपणे त्याच्यासमोरून जा. एक दिवस तो म्हणेल, हा तर इथलाच आहे, जाऊ दे."

माझ्या डोक्यात पण एक चौकीदार आहे, त्याला शिकवायचं. वेळ लागणार. मी म्हटलं, माझ्याकडे वेळच आहे.

त्यांनी दोन्ही कानांना छोटी मशिनं बसवली. त्यातून लांब कुठेतरी नळ गळावा तसा बारीक 'श्श' आवाज येतो. ताकीद दिली, "आपला आवाज झाकायचा नाही. दोन्ही ऐकू यायला पाहिजेत. याहून मोठं करू नका."

मी विचार केला, थोड्याने बरं वाटतं तर पूर्णाने किती वाटेल! पूर्ण वाढवलं. कानात धबधबा. मोटर गायब! मी राजा!

त्याच दुपारी अकोल्याहून माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. ओठ तर फोनवर दिसत नाहीत. ती बोलत होती, मी अंदाजाने "छान, छान" म्हणत होतो. शेवटी म्हटलं, "फार चांगलं झालं! सगळ्यांना माझा जय भीम सांग."

तिने शांताच्या फोनवर फोन केला. दाजी दवाखान्यात होते, पाय मोडला होता.

दाजी मोठे दिलाचे. घरी आल्यावर स्वतः फोन केला. "साळेबुवा, तुमच्या शुभेच्छांनी दुसरा पाय वाचला!"

* * *

मॅडमने मला एक कागद दिला होता. रोज एक आकडा लिहायचा, एक ते दहा. वर काय छापलंय ते मला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत नाही हे एवढ्या शिकलेल्या पोरीला सांगवेना. आकडे तेवढे येतात, वॅगनवरचे नंबर वाचून शिकलोय. मी रोज ठळक दहा काढायचो. एकदा झोप चांगली लागली, तर दहाखाली एक रेघही ओढली.

महिन्याने मॅडमने कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. मुलाला फोन करून बोलावून घेतलं. माझा हात हातात घेतला. "बाबाजी, एवढा त्रास होत होता तर आधी का नाही बोललात? घरात एकटे बसता का? मनात काही वाईट विचार येतात का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. पास झालो ना मी?"

त्रास किती होतो, त्याचे ते आकडे होते! मी रोज स्वतःला पूर्ण मार्क देत होतो.

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ यांची सूर्याची तीन चित्रं काढली. "आवाज कमी सतावला तर छोटी रेघ, जास्त सतावला तर मोठी." डब्यांवर खडूने खुणा करत आयुष्य गेलं. हे मला जमलं.

* * *

एक किस्सा जिंकण्याचा पण आहे.

सहासात महिने झाले असतील. जयपूरजवळ बस्सीला जुन्या सोबत्याच्या नातवाचं लग्न होतं. दाल, बाटी, चूरमा. आम्ही रिटायर झालेले चौघे जुन्या गोष्टी काढत बसलो. तिसरी बाटी फोडताना माझ्या लक्षात आलं, मोटर नाही!

मी घाबरलो. एवढ्या दिवसांची सोबत. कुठे गेली? कान पण गेला की काय? पंगतीतून उठलो, तुपाच्या हाताने फोन लावला.

"मॅडम, आवाज हरवला!"

मॅडम केवढ्या खूष झाल्या! "बाबाजी, किती वेळ झाला?"

"बघतो," म्हटलं आणि नीट कान देऊन ऐकलं.

कूंऽऽऽ.

"मिळाला मॅडम."

मग त्या म्हणाल्या, "शोधायला कोणी सांगितलं होतं?"

* * *

गुरुवारचा एक रिवाज आहे. मॅडम आत बोलावण्याआधी बाकावर येतात आणि विचारतात, "आवाजाच्या रागात कोणाला बोललात? त्यांची माफी मागितली का?" त्यांचं म्हणणं, ज्या माणसाला बघून आपण लपतो, त्याच्या नुसत्या चाहुलीने चौकीदार परत शिट्टी मारतो.

ओंकारने आधीच्या दोन्ही घरी मिठाई नेऊन दिली. रमजानजींनी मेहुण्याला समोसे नेले आणि म्हणाले, "आता तू मार." मेहुण्याने सगळे समोसे खाल्ले आणि परत डावीकडे उभा राहायला लागला.

मी फ्रिजचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, दाजींचं सांगितलं. वर्षभर मी दर गुरुवारी काही ना काही छोटं शोधून सांगायचो.

मग एका गुरुवारी मॅडम माझे रेघांचे कागद एकाखाली एक लावून बसल्या. सकाळच्या रेघा आखडत गेल्या होत्या. दुपारच्या पण. संध्याकाळच्या तेवढ्याच लांब, पहिल्या दिवसासारख्या. रविवार सोडून.

"बाबाजी, संध्याकाळी काय होतं?"

मी म्हटलं, "सातला शेजारचं कुलूप उघडतं."

आणि सांगितलं. भिंत, स्क्रू-ड्रायव्हर, ठराव, दोन बस, मुलगी एकटी. ओंकार खाली बघत राहिला. रमजानजी म्हणाले, "शंकरभाई, मी तर एक थप्पड मारली होती. तुम्ही तर रोज मारताय."

* * *

पण बाकावरही मी अर्धंच सांगितलं होतं. पुढचं सूनबाई पण माझ्या तोंडून आजच, लिहिताना ऐकतेय.

मी शर्माजींना मीटिंग बोलवायला सांगितली. रविवारी सकाळी, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. गीताजी मागच्या रांगेत बसल्या, मुलगी शेजारी. शांता माझ्या बाजूला.

मी उभा राहिलो. कानातली दोन्ही मशिनं काढून तळहातावर ठेवली, लोकांना दिसावीत म्हणून. म्हटलं, "गीताजींच्या मशीनचा आवाज नव्हता. आवाज माझ्या कानात आहे. हा आजार आहे. माझा कान चुकला. तो ठराव मागे घ्या, त्यांचं मशीन घरी येऊ द्या."

दुसऱ्या मजल्यावरचे भैया म्हणाले, "दादाजी, हे कधी कळलं तुम्हाला?"

"मीटिंगनंतर सहाव्या दिवशी."

"मतलब... एक वर्ष?"

"हो."

कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

शर्माजींनी घसा साफ केला. रजिस्टर उघडून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "जुना ठराव रद्द. गीताजी घरी मशीन चालवू शकतात." मुलीने आईचा हात धरला. इथे संपलं असतं. पण वर्षापूर्वी माझ्या कानाची ग्वाही शर्माजींनीच दिली होती, ती त्यांना टोचत असणार. पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, "तरी गीताजी, थोडी चूक तुमचीही आहे. तुम्ही तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. त्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नाहीत तुम्ही."

गीताजी हळूच उभ्या राहिल्या.

"बोलले होते, भाईसाहेब. मशीन चार दिवसांपासून दुरुस्तीला गेलंय म्हटलं होतं. घरात नाहीच, तर दादाजींना आवाज येतो कुठून?"

"असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात." शर्माजींनी मागची पानं उलटली. "इथे लिहिलेलं नाही." मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "कोणी ऐकलं होतं का?"

कोणी मोबाइल बघायला लागलं, कोणी फरशी. गीताजी एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

शांताने मागून माझा सदरा घट्ट धरला.

मी हात वर केला.